युद्धकाळातील रेडिओ आणि सुगम गाणी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात जुन्या रेडिओसंचांविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे आली. संचांच्या बनावटीपेक्षा त्यांवर काय ऐकू येत असे याविषयीचे कुतूहल त्यांत अधिक दिसले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेडिओवरून गाणी आणि करमणूक कशी होत असे, आणि त्याचा आपल्याकडील सुगम संगीताशी काही संबंध आहे का, असे अनेकांनी विचारले आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : बीबीसी ही शिस्तीची आणि गंभीर संस्था मानली जाते. लंडनवर बॉम्ब पडत असताना तिने नृत्यसंगीत आणि विनोदी कार्यक्रम का वाढवले? तो सरकारी प्रचाराचा भाग होता का?
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. लोकांचे मनोधैर्य टिकावे अशी सरकारची इच्छा होती, हे खरेच आहे. परंतु हलक्याफुलक्या कार्यक्रमांची वाढ वरून आलेल्या आज्ञेने झाली असे मला वाटत नाही. ती श्रोत्यांनी, आणि त्यांतही सैनिकांनी, अक्षरशः मिळवली. युद्धापूर्वीची बीबीसी तिचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांच्या विचारांवर घडलेली होती. लोकांना आवडेल ते देण्यापेक्षा त्यांच्या हिताचे असेल ते द्यावे, अशी रीथ यांची धारणा होती, आणि ते १९३८ मध्ये संस्था सोडून गेल्यानंतरही ती धारणा कायम होती. रविवारी तर प्रार्थना, प्रवचने, भाषणे आणि गंभीर संगीत यांपलीकडे फारसे काही ऐकायला मिळत नसे. त्यामुळे रविवार उजाडला की असंख्य ब्रिटिश श्रोते रेडिओ लक्झेंबर्ग आणि रेडिओ नॉर्मंडी ही समुद्रापलीकडील, जाहिरातींवर चालणारी केंद्रे लावून नृत्यसंगीत ऐकत बसत. म्हणजे श्रोत्यांचा कौल युद्धापूर्वीच स्पष्ट झाला होता, फक्त तो मानला जात नव्हता.

१ सप्टेंबर १९३९ रोजी बीबीसीने आपले राष्ट्रीय आणि प्रादेशिक असे सर्व कार्यक्रम थांबवून ‘होम सर्व्हिस’ हा एकच कार्यक्रम चालू ठेवला. यामागील कारण तांत्रिक होते. ठिकठिकाणचे प्रक्षेपक निरनिराळ्या लहरींवर बोलत राहिले असते, तर शत्रूच्या वैमानिकांना त्यांच्या आधारे दिशा ठरवता आली असती. म्हणून अनेक प्रक्षेपक मोजक्या लहरींवर एकाच वेळी चालवण्याची व्यवस्था करण्यात आली. परंतु याचा परिणाम असा झाला की, ज्या दिवसांत बॉम्बहल्ल्याच्या भीतीने नाटकगृहे आणि चित्रपटगृहे बंद करण्यात आली होती, नेमक्या त्याच दिवसांत रेडिओवर सरकारी सूचना, वार्तापत्रे, ध्वनिमुद्रिका आणि सँडी मॅकफर्सन यांचे ऑर्गनवादन एवढेच उरले. मॅकफर्सन यांनी त्या पहिल्या आठवड्यांत दिवसाकाठी कितीतरी तास वाजवून काढले आणि त्यांचे श्रम कौतुकास्पदच होते, तरीही श्रोते कंटाळून गेले.

खरा बदल फ्रान्समधून घडून आला. तेथे गेलेल्या ब्रिटिश सैन्याला १९३९-४० च्या हिवाळ्यात प्रत्यक्ष लढाई जवळजवळ नव्हतीच. थंडी होती, चिखल होता आणि वाट पाहणे होते. हे सैनिक बराकीत आणि खानावळीत घोळक्याने रेडिओ ऐकत. कोणी पत्ते खेळत असे, कोणी पत्र लिहीत असे, कोणी बूट पुसत असे. अशा खोलीत तासभराचे व्याख्यान कोण ऐकणार? म्हणून जानेवारी १९४० मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि फेब्रुवारीपासून नियमितपणे ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ हा दुसरा कार्यक्रम सुरू करण्यात आला. त्यात नृत्यसंगीत, विनोद, खेळांची वर्णने आणि थोडक्यात बातम्या असत, आणि रविवारचे जुने बंधन त्यात मोडले गेले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील डंकर्क येथून माघार घेऊन सैन्य मायदेशी परतले तरी हा कार्यक्रम थांबला नाही, कारण तोपर्यंत घरोघरचे नागरिकही तोच लावू लागले होते. सैनिकांसाठी काढलेल्या या कार्यक्रमाला पुढे होम सर्व्हिसपेक्षाही अधिक नागरी श्रोते मिळाले. युरोपातील युद्ध संपल्यावर २९ जुलै १९४५ रोजी त्याच वळणावर ‘लाइट प्रोग्रॅम’ सुरू झाला आणि शांततेच्या काळातही सुगम संगीताला स्वतंत्र वाहिनी मिळाली.

विनोदी कार्यक्रमांत टॉमी हँडली यांचा ‘इटमा’ सर्वांत गाजला. त्यात सरकारी कार्यालये, शिधावाटप, हेर आणि नोकरशहा या सर्वांची मनसोक्त थट्टा असे. बॉम्बहल्ल्यांच्या धोक्यामुळे हा सगळा करमणूक विभाग प्रथम ब्रिस्टलला आणि १९४१ मध्ये वेल्समधील बँगर या लहानशा गावी हलवावा लागला. देशात हसण्याची जी लाट पसरत होती ती एका किनाऱ्यावरच्या गावातून निघत होती, हे त्या वेळच्या बहुतेक श्रोत्यांना माहीतही नव्हते.

हा सगळा प्रवास वादाशिवाय झाला नाही. गायिका व्हेरा लिन यांचा ‘सिन्सिअरली युअर्स’ हा कार्यक्रम नोव्हेंबर १९४१ मध्ये सुरू झाला. घरच्या माणसाने सैनिकाला पत्र लिहावे अशी त्याची रचना होती आणि मध्ये मध्ये विरहाची गाणी असत. संसदेतील काही सभासदांनी आणि निवृत्त अधिकाऱ्यांनी तक्रार केली की, असल्या रडव्या गाण्यांनी सैनिक मवाळ होतील, त्यांना पोवाड्याच्या धर्तीचे जोशपूर्ण संगीत ऐकवावे. १९४२ मध्ये बीबीसीने अति भावुक गायन वगळण्यासाठी एक समितीही नेमली. सैनिकांनी मात्र आपली निवड बदलली नाही. व्हेरा लिन १९४४ मध्ये चितगावमार्गे आराकान आघाडीवर गेल्या, तेव्हा ब्रह्मदेशच्या जंगलात लढणाऱ्या त्या विसरल्या गेलेल्या सैन्याने त्यांचे जे स्वागत केले, त्यात त्या तक्रारीचे उत्तर मिळाले असे मी मानतो. मृत्यूच्या सान्निध्यात असलेल्या माणसाला घराची आठवण दुबळे करते, ही समजूत आरामखुर्चीत बसलेल्यांची होती.

प्रश्न : मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यातून निवृत्त झालो. आमच्या विभागात काही वर्षे ध्वनिवर्धकावर गाणी लावत असत. ही पद्धत युद्धकाळात सुरू झाली असे वाचले. ते खरे आहे का?
(एक वाचक, ऐरोली)

कारखान्यात संगीत लावण्याचे प्रयोग त्यापूर्वीही झाले होते, परंतु त्याला देशव्यापी रूप मिळाले ते २३ जून १९४० रोजी, बीबीसीने ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू केला तेव्हा. डंकर्कच्या माघारीत सैन्याची प्रचंड सामग्री फ्रान्समध्येच सोडून द्यावी लागली होती आणि ती पुन्हा तयार करण्यासाठी कारखाने दिवसरात्र चालत होते. दीर्घ पाळीत सकाळच्या आणि दुपारच्या मध्यावर हात मंदावतात, हे उद्योगातील मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. म्हणून त्याच सुमारास अर्ध्या अर्ध्या तासाचे संगीत ठेवण्यात आले. पुढे रात्रपाळीसाठीही वेळ देण्यात आली.

या कार्यक्रमाची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे, कारण तो ऐकण्यासाठी नव्हता, काम करता करता कानांवर पडण्यासाठी होता. निवेदन जवळजवळ नसे. आवाजाची पातळी अर्धा तास सारखी राखावी लागे, कारण यंत्रांच्या घरघरीत हळू वाजलेला भाग बुडून जाई आणि एकदम चढलेला भाग दचकवत असे. झोप आणणाऱ्या संथ चाली वर्ज्य होत्या. सूर ओळखीचा आणि ठसठशीत हवा, अशी वाद्यवृंदांना सूचना असे. एक लोकप्रिय अमेरिकी गाणे तर यादीतून काढून टाकावे लागले, कारण त्यात मध्येच टाळ्या वाजवण्याच्या जागा होत्या आणि त्या जागा आल्या की कामगार हातातील अवजार सोडून टाळ्या देत किंवा त्याच अवजाराने यंत्रावर ठोके देत. ३१ मे १९४१ पासून ‘वर्कर्स प्लेटाइम’ हा दुसरा कार्यक्रम सुरू झाला. तो जेवणाच्या सुटीत थेट एखाद्या कारखान्याच्या खानावळीतून प्रक्षेपित होई. गायक आणि विनोदी नट तेथे जात, परंतु शत्रूला सुगावा लागू नये म्हणून कारखान्याचे नाव सांगितले जात नसे. पहिला कार्यक्रम १९६७ पर्यंत आणि दुसरा १९६४ पर्यंत चालला, म्हणजे युद्धाची गरज संपल्यानंतरही कामगारांना ते हवेसे वाटत राहिले.

प्रश्न : ‘लिली मार्लिन’ हे जर्मन गाणे शत्रूपक्षाचे सैनिकही ऐकत असत, असे म्हणतात. एका लष्करी केंद्राचे गाणे इतक्या दूर कसे पोहोचले?
(एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व)

या गाण्याचे शब्द हान्स लाइप यांनी पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये लिहिले होते. नॉर्बर्ट शुल्झे यांनी १९३८ मध्ये त्याला चाल लावली आणि लाले आंडरसन यांनी १९३९ मध्ये ते गायले. ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही. १९४१ मध्ये जर्मनांनी बेलग्रेड ताब्यात घेऊन तेथे सैनिकांसाठी केंद्र उघडले, तेव्हा त्यांच्याजवळ वाजवायला तबकड्याच पुरेशा नव्हत्या. व्हिएन्नाहून पडून राहिलेल्या काही तबकड्या मागवण्यात आल्या, त्यांत ही होती. ऑगस्ट १९४१ पासून ती रोज रात्री दहाला तीन मिनिटे कमी असताना वाजू लागली.

दूर पोहोचण्याचे कारण आकाशात आहे. मध्यमलहरींवरील प्रक्षेपण दिवसा जमिनीलगतच जाते, कारण वर जाणारा भाग वातावरणातील आयनांचा खालचा थर शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर हा खालचा थर विरून जातो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो, प्रसंगी हजारांवर किलोमीटर अंतरावर उतरतात. आपणही रात्री मध्यमलहरींवर दूरची केंद्रे ऐकली असतीलच. त्यामुळे बेलग्रेडचे केंद्र भूमध्य समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात स्पष्ट ऐकू येई, आणि तेथे समोरासमोर असलेल्या दोन्ही सैन्यांच्या संचांवर एकाच वेळी एकच गाणे वाजत असे. ब्रिटिशांच्या आठव्या सैन्यात हिंदी तुकड्या होत्या आणि त्यांत मराठा पलटणीही होत्या, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

प्रेयसीची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्याचे हे उदास गाणे जर्मन प्रचारमंत्री गोबेल्स यांना मुळीच आवडले नव्हते. ते थांबवले गेले तेव्हा सैनिकांच्या पत्रांचा असा ओघ लागला की ते पुन्हा सुरू करावे लागले. जेथे परदेशी केंद्र ऐकणे हा १९३९ पासून गुन्हा होता आणि ज्या राजवटीने जाझला रेडिओवरून हद्दपार केले होते, तिलाही सैनिकांच्या आवडीपुढे नमावे लागले. जर्मन रेडिओवर रविवारी दुपारी सैनिकांच्या फर्माइशींचा मोठा कार्यक्रम असे. त्यात आघाडीवरील सैनिकाला मूल झाल्याची वार्ताही सांगितली जात असे. युद्ध जसजसे प्रतिकूल होत गेले, तसतशी गोबेल्स यांनी स्वतःच भाषणे कमी करून हलके संगीत वाढवले.

ब्रिटिशांनी याच आवडीचा उपयोग उलट दिशेने केला. १९४३ पासून ब्रिटिश पत्रकार सेफ्टन डेल्मर यांनी इंग्लंडमधून एक केंद्र चालवले, ते स्वतःला जर्मन सैनिकांचे फ्रान्समधील कॅले येथील केंद्र म्हणवत असे. उत्तम नृत्यसंगीत, खऱ्या बातम्या आणि त्यांत बेमालूम मिसळलेल्या खोट्या बातम्या, अशी त्याची रीत होती. गाणी चांगली असल्याशिवाय कोणी सुई तेथे थांबवणार नाही, हे त्यांनी अचूक ओळखले होते. संगीताचा असा आमिष म्हणून वापर झाला, याचे मला दुःख वाटते. परंतु तो झाला हे नाकारता येत नाही.

प्रश्न : ‘टोकियो रोझ’ ही एकच स्त्री होती का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

नाही. पॅसिफिकमधील अमेरिकी सैनिकांनी जपानी केंद्रांवरून इंग्रजीत बोलणाऱ्या अनेक स्त्रियांना मिळून दिलेले ते टोपणनाव होते. शिक्षा मात्र इवा तोगुरी या एकीला झाली. त्यांचा जन्म लॉस एंजेलिसचा. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या जपानमध्ये अडकल्या होत्या आणि ‘झीरो अवर’ या कार्यक्रमात ‘ऑर्फन अॅन’ या नावाने अमेरिकी गाण्यांच्या तबकड्या लावत असत. १९४९ मध्ये त्यांना राजद्रोहाबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि सहा वर्षांहून अधिक काळ त्या तुरुंगात होत्या. पुढे साक्षीदारांनी दडपणाखाली साक्ष दिल्याचे उघड झाले आणि जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना माफी दिली. झालेला अन्याय त्यामुळे पुसला गेला असे म्हणणे कठीण आहे.

प्रश्न : युद्धाच्या काळात ठाण्यात रेडिओवर काय ऐकू येत असे? मराठी गाणी लागत असत का?
(एक वाचक, कळवा)

मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती आणि चांगल्या ऐकण्याचा पल्ला सुमारे ३० मैलांचा मानला जाई. ठाणे त्यात येत होते. चालवणारी खाजगी कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने केंद्र हाती घेतले आणि ८ जून १९३६ पासून त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. १९३८ मध्ये मुंबईत १० किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक बसला, त्यामुळे युद्ध सुरू होताना मुंबईचा आवाज दूरवर जाऊ लागला होता. तरीही घरी संच असणे ही चैनच होती. संच विलायतेहून येत, त्यासाठी टपाल कार्यालयातून वार्षिक परवाना काढावा लागे, आणि युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनमधील कारखाने लष्करी कामाला जुंपले गेल्यामुळे नवे संच आणि व्हॉल्व्ह दुर्मीळ झाले. स्वातंत्र्याच्या वेळीसुद्धा सबंध देशात सहाच केंद्रे आणि सुमारे पावणेतीन लाख संच होते. त्यामुळे ज्याच्याकडे रेडिओ असे त्याच्या ओसरीवर शेजारीपाजारी जमत.

मराठी गाणी लागत असत. हाच काळ भावगीताच्या बहराचा होता, जी. एन. जोशी आणि गजाननराव वाटवे यांच्यासारख्या गायकांनी कविता घराघरांत नेली, आणि त्यात रेडिओचा आणि ध्वनिमुद्रिकेचा वाटा मोठा आहे. मात्र या काळातील एक निर्णय सुगम गायकांना फार जाचला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम बंद केली. तिचे ठरीव स्वर आपल्या संगीतातील मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि श्रुती (स्वरांमधील सूक्ष्म अंतरे) दाखवू शकत नाहीत, असा आक्षेप होता, आणि रवींद्रनाथांसारख्या थोरांचाही तिला विरोध होता. आक्षेप शास्त्रीय गायनापुरता विचारार्ह आहे; परंतु ज्या गीतप्रकाराची सबंध साथसंगत पेटीवर उभी होती त्यालाही तोच नियम लावणे मला अन्यायाचे वाटते. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले.

मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी वॉल्टर कॉफमन यांच्याकडे होती. नाझींच्या छळातून वाचण्यासाठी हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये प्रागहून मुंबईला आले होते. आकाशवाणीची सकाळची ती सुपरिचित ओळखधून त्यांनीच रचली. नाझींनी बेघर केलेल्या माणसाची ही धून पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत रोज सकाळी वाजत आली आहे.

लघुलहरींचा संच असलेल्यांना याखेरीज बरेच काही मिळे. बीबीसीने ११ मे १९४० पासून हिंदुस्थानीतून आणि १९४२ पासून मराठीतूनही प्रक्षेपण सुरू केले. लंडनच्या हिंदुस्थानी विभागात बलराज साहनी काम करत होते. बर्लिनहून १९४२ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस बोलले. त्याच वर्षी २७ ऑगस्टपासून मुंबईतच उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटर लहरींवर भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. तो करमणुकीचा नव्हता, तरी त्याचाही आरंभ गीताने आणि शेवट ‘वंदे मातरम्’ने होई. जागा सतत बदलत तो १२ नोव्हेंबरपर्यंत टिकला. आजचे उल्हासनगर ज्या जागेवर आहे तेथे त्या वेळी कल्याणची मोठी लष्करी छावणी होती. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, काही मैलांच्या अंतरात, एकीकडे छावणीतील गोरे सैनिक लंडनची गाणी शोधत असणार आणि दुसरीकडे कोणीतरी दार लावून, आवाज बारीक करून ४२.३४ मीटर शोधत असणार.

प्रश्न : रेडिओ सिलोन हे मुळात लष्करी केंद्र होते, असे वडील सांगत. मग तेथून हिंदी गाणी कशी लागू लागली?
(एक वाचक, वाशी, नवी मुंबई)

आपल्या वडिलांनी सांगितले ते बरोबर आहे, आणि माझ्या मते युद्धकाळातील रेडिओचा आपल्या आयुष्यावर झालेला सर्वांत मोठा परिणाम तोच आहे. कोलंबोत लहान नागरी केंद्र १९२० च्या दशकापासून होते. परंतु माउंटबॅटन यांनी एप्रिल १९४४ मध्ये आग्नेय आशिया विभागाचे मुख्यालय दिल्लीहून कँडीला हलवले आणि या विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेल्या सैन्यासाठी बातम्या आणि करमणूक देणारे ‘रेडिओ सीक’ उभे राहिले. सुरुवातीला त्याची शक्ती कमी होती. १९४६ मध्ये कोलंबोच्या उत्तरेस एकला येथे १०० किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक सुरू झाला. तोवर युद्ध संपले होते, पण घरी जाण्याची वाट पाहणारे सैनिक अजून होतेच. ते गेल्यावर हे अवाढव्य यंत्र १९४९ मध्ये सिलोन सरकारच्या हाती आले. बेटाच्या गरजेच्या मानाने ते कितीतरी मोठे होते; सारा भारत त्याच्या टप्प्यात होता. १९५० मध्ये रेडिओ सिलोनने व्यापारी सेवा काढली आणि भारतीय श्रोता हाच तिचा ग्राहक ठरला.

त्यानंतर जे घडले ते आपल्याकडील निर्णयामुळे घडले. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर हे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे खरे अभ्यासू भक्त होते. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये सुरू झाला आणि थोर गायक-वादकांना राष्ट्रीय श्रोतृवर्ग मिळाला. त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु चित्रपटसंगीताला त्यांनी इतके कठोर बंधन घातले आणि निर्मात्यांशी असा वाद झाला की, ते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले. श्रोत्यांनी सुई फिरवली आणि कोलंबो लावले. ब्रिटिश श्रोत्यांनी रीथ यांच्या रविवारी लक्झेंबर्ग लावले होते, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. ३ डिसेंबर १९५२ या बुधवारी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होत, विमानाने कोलंबोला जात आणि सैनिकांसाठी उभारलेल्या त्या प्रक्षेपकावरून पुन्हा मुंबई-ठाण्यात येत. रात्री आठच्या सुमारास खडखडाट, मध्येच बुडणारा आणि पुन्हा वर येणारा आवाज, आणि तरीही संचाला कान लावून बसलेली मंडळी, हे त्या पिढीतील प्रत्येकाला आठवत असेल.

आकाशवाणीने अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू केली. मुंबई आणि मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून ती ऐकू येई, आणि सुगम संगीत, चित्रपटगीते, नाट्य आणि विनोद यांना तिने हक्काची जागा दिली. तिच्यावरील ‘जयमाला’ हा खास फौजी बांधवांच्या फर्माइशींचा कार्यक्रम. ज्या प्रकाराचा जन्म सैनिकांच्या मागणीतून झाला, तो येथे पुन्हा आपल्या जवानांपर्यंत पोहोचला. गावाचे नाव, पलटणीचे नाव आणि आवडते गाणे एवढेच त्यात असे. परंतु सीमेवरील मुलाचे नाव रेडिओवर ऐकण्यासाठी त्याच्या घरी काय वाट पाहिली जात असेल, याची कल्पना करता येते.

प्रश्न : चोरबाजारातून घेतलेल्या जुन्या सामानात ‘व्ही-डिस्क’ असे लिहिलेली १२ इंची तबकडी निघाली. ती घरच्या चावीच्या ग्रामोफोनवर वाजवावी का?
(एक वाचक, सी.बी.डी. बेलापूर)

कृपा करून वाजवू नका. ही तबकडी अमेरिकी सैन्याने आपल्या सैनिकांसाठी काढलेल्या मालिकेतील असावी. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादक संघटनेने व्यापारी ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. शिवाय तबकड्यांसाठी लागणारी लाख मुख्यतः भारतातून जात असे आणि ती युद्धसामग्रीसाठी राखून ठेवण्यात आली होती. सैनिकांसाठीच्या या तबकड्या विकल्या जाणार नाहीत, अशा अटीवर संघटनेने सवलत दिली आणि ऑक्टोबर १९४३ पासून त्या आघाडीवर जाऊ लागल्या. लाखेची तबकडी वाहतुकीत फुटे, म्हणून यांतील बऱ्याच तबकड्या व्हिनिलच्या केल्या होत्या. फेरे ७८ चेच असले तरी चरे बारीक असल्यामुळे एका बाजूवर सहा मिनिटांहून अधिक संगीत बसे. १९४९ मध्ये योजना संपल्यावर साच्यांचा आणि शिल्लक मालाचा मोठा भाग अटीप्रमाणे नष्ट करण्यात आला, त्यामुळे उरलेल्या प्रतींना मोल आहे.

चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई आणि जड हात मऊ व्हिनिलचे चरे एका फेरीतच खरवडून काढतील. ७८ फेऱ्यांची सोय आणि त्यासाठीची वेगळी, हलकी सुई असलेल्या विद्युत तबकडीवादकावरच ती वाजवावी, आणि शक्य झाल्यास पहिल्याच वेळी संगणकावर नक्कल करून ठेवावी. काही प्रती लाखमिश्रित असतात आणि स्पिरिटने त्या विरघळतात, म्हणून फक्त ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने ओला केलेला मऊ कपडा चऱ्यांच्या दिशेने फिरवून ती पुसावी. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, तेव्हा कागदी वेष्टन बदलून तबकडी उभी ठेवावी, आडवी रचू नये.